नातेवाइकांच्या बाकावरचा कॅमेरा

ब्रिटनमधल्या चॅनल फोर या वाहिनीवर मे २०११ मध्ये ‘ट्वेंटी फोर अवर्स इन ए अँड ई’ ही माहितीपट मालिका सुरू झाली. दक्षिण लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या अपघात व तातडीच्या विभागात ७० कॅमेरे बसवून, २८ दिवस अहोरात्र चित्रण करून तिचे पहिले पर्व तयार झाले. एका भागात एकाच दिवसाचे चोवीस तास घ्यायचे आणि त्या अवधीत विभागात आलेल्या मोजक्या रुग्णांची हकिगत सांगायची, हा तिचा रिवाज पुढेही टिकला. २०१४ मध्ये मालिकेने टूटिंग भागातल्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये मुक्काम हलवला आणि नंतर ती लंडनबाहेर नॉटिंगहॅमच्या क्वीन्स मेडिकल सेंटरमध्ये गेली. मी ती अनेक वर्षे पाहत आले आहे आणि तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे बऱ्याच दिवसांपासून मनात होते, कारण रुग्णालयाच्या दारात कॅमेरा न्यावा की नाही, नेला तर तो कुठे उभा करावा आणि कुणाला विचारून, या प्रश्नांचा इतका गंभीरपणे विचार केलेली दुसरी मालिका माझ्या पाहण्यात नाही.

तिची ताकद शस्त्रक्रियेच्या किंवा रक्तपाताच्या दृश्यांत आहे असे वरवर पाहता वाटते, पण माझे मत वेगळे आहे. उपचार चालू असताना बाहेर बाकावर बसलेल्या माणसाकडे ती ज्या सबुरीने पाहते, त्यात तिचे खरे मोल आहे. हे तिला साधते, कारण चित्रण करण्याची परवानगी आणि ते दाखवण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तत्त्व तिच्या बांधणीतच मुरलेले आहे.

आधी तंत्राविषयी सांगते. या मालिकेत खांद्यावर कॅमेरा घेऊन धावणारा छायाचित्रकार नसतो. छतावर आणि भिंतींवर लहान कॅमेरे कायमचे बसवलेले असतात, त्यांच्या माना दुरून वळवता येतात, आणि दिग्दर्शकाची मंडळी पडद्यांच्या रांगेसमोर वेगळ्या खोलीत बसून काय टिपायचे ते ठरवतात. चॅनल फोरने ही पद्धत २००८ मध्ये एका कुटुंबाच्या घरात आणि २०१० मध्ये साउदम्प्टनच्या एका प्रसूती विभागात वापरून पाहिली होती, पण तातडीच्या विभागात तिला जो अर्थ आला तो मला अधिक मोलाचा वाटतो. छायाचित्रकार एकटा असला की त्याला क्षणोक्षणी निवड करावी लागते, आणि डोळ्यांसमोर कुणाच्या छातीत नळी घातली जात असताना तो पाठ फिरवून प्रतीक्षा कक्षाकडे जाणार नाही, हे उघड आहे. तो रक्ताकडेच जाणार. कॅमेरे जेव्हा प्रत्येक कोपऱ्यात आधीपासून असतात, तेव्हा निवडीचा बराच भाग संकलनाच्या टेबलावर, शांत डोक्याने करता येतो. त्यामुळे आत कात्रीने कपडे कापले जात असताना बाहेर त्याच माणसाची बायको पर्स दोन्ही हातांनी धरून कशी बसली होती, हेही टिपलेले असते. शिवाय दिवे, लांब दांडीवरचा माईक, माणसांची गर्दी यांतले काहीच नसल्याने काही वेळाने कर्मचारी कॅमेऱ्यांना विसरतात आणि एकमेकांशी नेहमीसारखे बोलू लागतात.

ही रुग्णालये निवडण्यामागेही कारण असावे. लंडनमध्ये एप्रिल २०१० मध्ये गंभीर दुखापतींसाठी नवी व्यवस्था सुरू झाली. त्याआधी अपघातात सापडलेल्या माणसाला बहुधा जवळच्या रुग्णालयात नेत असत. नव्या व्यवस्थेत किंग्ज, सेंट जॉर्जेस, रॉयल लंडन आणि सेंट मेरीज ही चार मोठी केंद्रे ठरवली गेली आणि जवळचे रुग्णालय वाटेत लागले तरी ते ओलांडून गंभीर जखमीला थेट यांपैकी एका केंद्रात न्यायचे, असा दंडक घालण्यात आला. वाटेत दहा-पंधरा मिनिटे जास्त गेली तरी चालतील, पण जिथे पोचेल तिथे भूलतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, अस्थिरोगतज्ज्ञ, सीटी स्कॅन आणि रक्तपेढी एका हाकेवर हजर असली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब होता. मालिकेचे चित्रण ही व्यवस्था नुकतीच घडी बसवत असताना सुरू झाले, म्हणून तिच्या सुरुवातीच्या भागांना दस्तऐवज म्हणूनही किंमत आहे.

या विभागातले एक दृश्य भागागणिक येते आणि ते मला दर वेळी नव्याने पाहावेसे वाटते. टेबलावरचा लाल फोन वाजतो. पलीकडून रुग्णवाहिकेतली व्यक्ती ठरलेल्या क्रमाने माहिती सांगते: वय, घटनेची वेळ, दुखापत कशी झाली, कुठे लागले आहे, नाडी आणि रक्तदाब किती, आतापर्यंत काय उपचार दिले, आणि पोचायला किती मिनिटे लागतील. फोन घेणारी सिस्टर ते कागदावर उतरवते आणि पुढच्या काही मिनिटांत रिकाम्या खाटेभोवती माणसे जमू लागतात. प्लास्टिकचे ॲप्रन चढतात, हातमोजे घातले जातात, भूलतज्ज्ञ खाटेच्या डोक्याशी आपली नळी आणि औषधे मांडून ठेवतात, कुणी रक्ताच्या पिशव्या मागवतो. पथकाचा प्रमुख डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभा राहतो आणि तिथून शक्यतो हलत नाही. त्याने रुग्णाला हात लावायचा नसतो, कारण हात गुंतले की नजर एका जखमेवर खिळते आणि बाकीचे चित्र सुटते. रुग्ण आत आला की सगळे थांबतात. रुग्णवाहिकेतून आलेला पॅरामेडिक मिनिटभरात आपला अहवाल देतो आणि तेवढा वेळ कुणीही बोलत नाही. मग एकदम सगळे हात चालू लागतात: कपडे शिवणीलगत कापले जातात, श्वासनलिका, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम मोठ्याने उच्चारत तपासला जातो, कमरेचे हाड मोडले असण्याची शंका असेल तर कमरेभोवती पट्टा आवळला जातो, मानेला धक्का न लावता चार-पाच जण मिळून एका सुरात रुग्णाला कुशीवर वळवतात.

ओरडाआरडा जवळजवळ नसतो. दूरचित्रवाणीवरच्या काल्पनिक वैद्यकीय मालिकांनी आपल्याला धावपळ, किंकाळ्या आणि छातीवर विजेचे झटके यांची सवय लावून ठेवली आहे. खरे काम किती हलक्या आवाजात चालते हे पाहून मी प्रथम चकित झाले. प्रमुख डॉक्टर सहकाऱ्यांना नावाने हाक मारून, एका वेळी एकच काम सांगतो. ज्याला सांगितले तो ते परत उच्चारून ‘झाले’ असे कळवतो. रुग्ण शुद्धीवर असेल तर एक सिस्टर केवळ त्याच्या चेहऱ्याजवळ थांबून त्याच्याशी बोलत राहते, आता सुई टोचणार आहोत, आता तुम्हाला कुशीवर वळवणार आहोत, असे सांगत राहते. कधी ती त्याचा हात धरून उभी असते आणि तेवढेच तिचे त्या क्षणीचे काम असते. मला या मालिकेतली ही कृती कुठल्याही शस्त्रक्रियेपेक्षा जास्त शिकवून जाते.

गंभीर हकिगतींच्या मधूनमधून हलकी प्रकरणेही येतात. नाकात मणी गेलेले मूल, बोटात अडकलेली अंगठी, शिडीवरून पडून मनगट मोडलेले आजोबा आणि ‘मी तुम्हाला सांगितले होते’ असे पुन्हा पुन्हा बजावणारी आजी, अशी माणसे येतात आणि जातात. त्यांच्यावर फार लिहिण्याचे कारण नाही, पण ती नसती तर मालिका सहन झाली नसती, आणि तातडीच्या विभागाचा बराचसा दिवस अशाच प्रकरणांत जातो हेही खरे आहे.

आता बाकावरच्या माणसांकडे येते. मालिकेची ठरलेली बांधणी अशी आहे की रुग्णावर उपचार चालू असतानाचे चित्रण आणि काही काळाने घेतलेली मुलाखत एकमेकांत गुंफलेली असतात. मुलाखतीत नातेवाईक किंवा स्वतः रुग्ण साध्या, काळोख्या पार्श्वभूमीवर खुर्चीत बसून बोलतो. त्याच्याकडून अपघाताचा तपशील कमीच विचारला जातो. नवरा-बायको पहिल्यांदा कुठे भेटले, मुलगा लहानपणी कसा होता, आई वारल्यावर घर कसे सावरले, असे बोलणे निघते. आत एखाद्या वृद्ध गृहस्थाच्या मेंदूत रक्तस्राव झाला आहे का याची तपासणी चालू असते, आणि त्यांची पत्नी पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या नाचाच्या कार्यक्रमाची आठवण सांगत असते, जिथे त्यांनी तिला प्रथम विचारले होते. खाटेवरचे शरीर त्या बोलण्याने पुन्हा माणूस होते. स्कॅनच्या पडद्यावरच्या करड्या सावल्यांचा अर्थ प्रेक्षकाला लागत नाही, पण काय पणाला लागले आहे ते मात्र नेमके कळते.

या बांधणीवर माझा एक आक्षेप आहे. रुग्ण वाचला की नाही हे कळू न देता हकिगत जाहिरातींच्या आधी अर्धवट तोडायची, ही युक्ती मालिका वारंवार वापरते. मुलाखतीच्या खुर्चीत फक्त पत्नी दिसते आणि नवरा दिसत नाही, एवढ्यावरून प्रेक्षक मनात तर्क करू लागतो आणि दिग्दर्शकाला तो तर्क हवाच असतो. ज्यांच्यावर हे प्रत्यक्ष गुदरले त्या माणसांच्या दुःखाचा उपयोग उत्कंठा वाढवण्यासाठी होतो, हे मला खटकत आले आहे. एवढी चांगली सामग्री हाताशी असताना तशी गरजही नसते, कारण शेवट आधी सांगितला असता तरी त्या बाईंचे बोलणे मी तितक्याच मन लावून ऐकले असते.

परंतु त्याच खुर्चीत मालिकेचा नैतिक पायाही आहे. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाने विचार करून, प्रसंगातून बाहेर पडल्यावर, बोलायला होकार दिलेला असतो. ब्रिटनमधल्या प्रसारणाचे नियमन करणाऱ्या ऑफकॉम या संस्थेच्या संहितेत खासगीपणाविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. रुग्णालये, रुग्णवाहिका, शाळा, तुरुंग, पोलीस ठाणी अशा नाजूक ठिकाणी चित्रण करताना, अडचणीच्या स्थितीत असलेल्या व्यक्तीकडून चित्रणासाठी वेगळी आणि प्रसारणासाठी वेगळी संमती सामान्यतः घेतली पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. हा नियम वाचताना साधा वाटतो, पण त्याच्या मुळाशी माणसाच्या स्वभावाची चांगली जाण आहे. वेदनेत असलेला किंवा भेदरलेला माणूस कशालाही मान हलवतो. डॉक्टरांना नाराज केले तर उपचारांत कसूर होईल की काय, अशी भीतीही त्याच्या मनात असू शकते. त्या घटकेचा होकार पुरेसा मानला तर तो होकारच राहत नाही. म्हणून तो माणूस घरी गेल्यावर, जेवूखाऊ लागल्यावर त्याला पुन्हा विचारायचे, आणि तेव्हा तो नको म्हणाला तर कितीही उत्तम चित्रण हाती असले तरी ते बाजूला ठेवायचे.

बेशुद्ध रुग्णाचा प्रश्न मात्र यानेही पूर्ण सुटत नाही. त्याचे चित्रण आधी होते आणि परवानगी नंतर मागितली जाते, मग ती त्याच्याकडून असो वा जवळच्या माणसाकडून. दाखवले गेले नाही तरी आपले उघडे शरीर कुणी अनोळखी माणसाने पडद्यावर पाहिले, ही गोष्ट राहतेच. काही डॉक्टर याच कारणासाठी अशा मालिकांच्या विरोधात आहेत आणि त्यांचे म्हणणे मला बिनतोड वाटते. मालिकेच्या बाजूने मी एवढेच म्हणू शकते की चित्रण आणि प्रसारण यांत ती फरक करते.

हा फरक न केल्यास काय होते याचे उदाहरण न्यूयॉर्कमध्ये घडले आणि ते न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेले आहे. एप्रिल २०११ मध्ये, म्हणजे लंडनची मालिका सुरू होण्याच्या सुमारासच, रस्ता ओलांडणाऱ्या ८३ वर्षांच्या एका गृहस्थांना कचऱ्याच्या गाडीने धडक दिली. त्यांना न्यूयॉर्क-प्रेस्बिटेरियन रुग्णालयात आणले गेले, तिथे एबीसी वाहिनीच्या एका वैद्यकीय मालिकेचे चित्रण चालू होते, आणि त्यांच्या शेवटच्या घटका कॅमेऱ्यात टिपल्या गेल्या. त्यांना विचारले नाही आणि त्यांच्या कुटुंबालाही विचारले नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांच्या पत्नी घरी ती मालिका पाहत असताना पडद्यावर चेहरा धूसर केलेला एक रुग्ण आला. चेहरा दिसत नव्हता तरी त्यांनी नवऱ्याला ओळखले. ते स्वतःच्या आवाजात बायकोची चौकशी करत होते. ज्या मृत्यूच्या वेळी पत्नी खाटेजवळ नव्हत्या, तो मृत्यू त्यांनी सव्वा वर्षाने दूरचित्रवाणीवर पाहिला.

कुटुंबाने दावा लावला. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने मानसिक त्रासाबद्दलचा दावा फेटाळला, पण डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातल्या गोपनीयतेचा भंग झाल्याबद्दल रुग्णालय आणि उपचार करणारे शल्यचिकित्सक यांच्यावर दावा चालू शकतो असा निर्णय दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने याच मालिकेच्या चित्रणावरून त्या रुग्णालयाशी तडजोड केली, तिच्यात रुग्णालयाला २२ लाख डॉलर भरावे लागले. चेहरा नंतर धूसर केला किंवा आवाज बदलला म्हणजे काम भागत नाही, उपचार चालू असलेल्या जागी कॅमेरा आणण्याआधीच तिथल्या रुग्णांची लेखी परवानगी हवी, असे त्या खात्याने स्पष्ट केले. पुढे २०१८ मध्ये बोस्टनमधल्या तीन नामांकित रुग्णालयांनाही अशाच चित्रणाबद्दल मिळून सुमारे १० लाख डॉलर भरावे लागले.

अमेरिकेचा नियम पूर्वपरवानगीचा आहे, तर ब्रिटनमधल्या मालिकेत काही वेळा परवानगी मागाहून घेतली जाते. तत्त्व म्हणून पाहिले तर अमेरिकेचा नियम अधिक कडक आहे आणि रुग्णाच्या बाजूचा आहे, हे मान्य केले पाहिजे. तो तंतोतंत पाळला तर गंभीर जखमींवरची मालिका बहुधा निघणारच नाही, आणि ती निघाली नाही तर जगाचे फार बिघडेल असेही मी म्हणणार नाही. पण न्यूयॉर्कच्या प्रकरणात मला याहून खोल फरक दिसतो. तिथल्या मालिकेचा नायक डॉक्टर होता आणि रुग्ण हे त्याच्या कौशल्याचे साधन होते. साधनाला कुणी परवानगी विचारत नाही. लंडनच्या मालिकेला रुग्णाच्या घरच्यांची गोष्ट हवी होती, ती सांगायला ते लागणारच होते, म्हणून त्यांना विचारल्याशिवाय मालिका उभीच राहू शकत नव्हती.

याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की संमतीवर उभ्या असलेल्या मालिकेत नको म्हणणारे लोक कधीच दिसत नाहीत. ज्यांना कुणी नाही, जे एकटे आले आणि एकटे गेले, ज्यांच्या घरात मारहाण होते, ज्यांना पोलिसांची भीती आहे, ज्यांची मनःस्थिती होकार देण्याजोगी नाही, असे रुग्ण तातडीच्या विभागात रोज येतात आणि त्यांची हकिगत सहसा पडद्यावर येत नाही. त्यामुळे मालिकेतले जग प्रत्यक्षापेक्षा थोडे अधिक प्रेमळ आहे. तिथे प्रत्येक खाटेशी कुणीतरी बसलेले असते. हा दोष टाळण्याचा मार्ग मला तरी दिसत नाही, पण पाहताना तो लक्षात ठेवावा.

वेळेच्या बाबतीतही असेच घडते. इंग्लंडमध्ये तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला चार तासांच्या आत तपासून घरी सोडायचे, दाखल करायचे किंवा दुसरीकडे पाठवायचे, असा मापदंड आहे. २००४ मध्ये तो ९८ टक्के रुग्णांसाठी लागू होता, २०१० मध्ये ९५ टक्क्यांवर आणला गेला. देशभराचा विचार करता तो शेवटचा पूर्ण झाला जुलै २०१५ मध्ये. त्यानंतर घसरण होत होत डिसेंबर २०२२ मध्ये प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास आले, वॉर्डात खाट मिळेपर्यंत माणसे बोळात स्ट्रेचरवर पडून राहू लागली. मालिका या सगळ्या काळात चालू होती. पण तिचा कॅमेरा जिथे अधिक रमतो ती अतिगंभीर रुग्णांची खोली हीच अशी जागा आहे, जिथे व्यवस्था कोलमडत असतानाही काम वेगाने होते, कारण तिथे विलंब चालतच नाही. प्रतीक्षा कक्षात पाच-सहा तास बसलेल्या माणसाची हकिगत सांगणे कठीण आहे, कारण तिच्यात काही घडतच नाही. नातेवाइकांच्या बाकाकडे पाहायला शिकलेल्या मालिकेने या दुसऱ्या बाकाकडेही तितकेच लक्ष द्यायला हवे होते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

ही मालिका पाहताना आपल्याकडची कॅज्युअल्टी डोळ्यांसमोर येत नाही असा मराठी प्रेक्षक विरळा. सर्वांत मोठा फरक मला नातेवाइकांच्या हातांत दिसतो. लंडनमधल्या नातेवाइकांचे हात रिकामे असतात. त्यांना एका छोट्या खोलीत बसवले जाते, कुणीतरी चहा आणून देते, आणि डॉक्टर येऊन सांगतील तोवर त्यांनी फक्त थांबायचे असते. आपल्याकडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नातेवाईक थांबलेला क्वचितच दिसतो. एक जण केसपेपरच्या रांगेत, दुसरा स्ट्रेचरच्या एका टोकाला, तिसरा चिठ्ठी घेऊन समोरच्या मेडिकलमध्ये, चौथा रक्ताचा नमुना हातात धरून रक्तपेढीची खिडकी शोधत, आणि अपघाताचे प्रकरण असेल तर पाचवा एमएलसीसाठी, म्हणजे पोलिसांकडच्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदीसाठी, हवालदाराला जबाब देत असतो. गावाकडून आलेल्या माणसाला कुठली इमारत कुठे हेही ठाऊक नसते. आपले माणूस आत कसे आहे याचा विचार करायला त्याला उसंत मिळत नाही, आणि जेव्हा मिळते तेव्हा बहुधा सगळे आटोपलेले असते. निवासी डॉक्टर एकाच वेळी इतक्या खाटा सांभाळत असतो की बाहेर येऊन दोन वाक्ये समजावून सांगणे त्याला जमत नाही. ही दोन दमलेली माणसे दारात समोरासमोर येतात तेव्हा जे घडते ते आपण बातम्यांत वाचतो. महाराष्ट्राने २०१० मध्ये डॉक्टरांवरील आणि रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा केला, तरी हल्ले थांबलेले नाहीत.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे नाही. अपघातात सापडलेल्याला पोलिसांच्या कागदपत्रांसाठी न अडवता आधी उपचार द्यायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच बजावले आहे. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून चालू आहे. तातडीच्या उपचारांचे पदव्युत्तर शिक्षण देशात २००९ नंतर रुजू लागले. पण कॅमेऱ्याच्या बाबतीत आपली सवय वाईट आहे. मोठा अपघात झाला की बातमीदार थेट कॅज्युअल्टीत शिरतात, सलाईन लावलेल्या माणसाच्या तोंडासमोर माईक धरतात, आणि ‘तुम्हाला काय वाटते आहे’ असे विचारतात. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाला दूरचित्रवाणी वाहिन्यांसाठी सूचनापत्र काढून, रक्तबंबाळ माणसे आणि मृतदेह जवळून व धूसर न करता दाखवू नका, असे सांगावे लागले. अशा स्थितीत इथे कुणी लंडनसारखी मालिका करायला घेतली तर मला आधी धास्तीच वाटेल.

तरीही ती व्हावी असे मला वाटते, आणि ती एखाद्या सरकारी रुग्णालयात व्हावी. नातेवाइकाला निवासी डॉक्टरची सलग पाळी दिसावी, आणि निवासी डॉक्टरला आपल्या चिठ्ठीमागे धावणारा माणूस कुठे कुठे जाऊन आला ते दिसावे. त्यासाठी खाटेजवळ कॅमेरा नसला तरी चालेल. केसपेपरची खिडकी, रक्तपेढीचे दार, लिफ्टसमोरची जागा आणि नातेवाईक रात्री अंथरूण टाकतात तो व्हरांडा, एवढ्या जागा पुरेशा आहेत. ज्याचे चित्रण झाले त्याला महिन्या-दोन महिन्यांनी त्याच्या गावी जाऊन, ते चित्रण त्याच्यासमोर लावून, त्याच्या भाषेत पुन्हा विचारावे. अंगठा उठवून घेतलेला कागद परवानगी म्हणून धरू नये. आणि त्याने किंवा घरातल्या कुणीही नको म्हटले तर तेवढा भाग मालिकेत ठेवू नये, मग भाग पंचेचाळीस मिनिटांऐवजी तीस मिनिटांचा झाला तरी हरकत नाही.